भिंतीला कान लावणारे काका

"भिंतीत खिळा ठोकायचा असला तर आधी मला विचार. मग मी भिंतीला विचारतो."

रोह्याजवळच्या अष्टमी गावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांचं हे पहिलं वाक्य. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, त्याच्या मुठीनं भिंतीवर टकटक केलं आणि कान लावला.

"इथं नाय. इथून पाण्याचा पाइप वर जातो." मग थोडं सरकून पुन्हा टकटक. "इथं चालेल. काय टांगणार?"

"कॅलेंडर."

"कुठलं? तिथीवालं का नुसत्या तारखांचं?"

"अजून आणलं नाही, काका."

"मग पुढं?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर कळलं की 'मग पुढं?' हे त्यांचं श्वास घेण्यासारखं होतं. तुम्ही कुठलंही उत्तर द्या, त्यांच्या दृष्टीनं ते अर्धंच असायचं.

मी मूळची पेणची, रामवाडीतली. डिप्लोमा करून एका कंपनीत लागले होते. रस्त्यावरून आलेली फायबरची केबल बिल्डिंगमध्ये घ्यायची, जिन्याच्या कडेनं वर चढवायची, मजल्या-मजल्यावर पेट्या बसवायच्या आणि तिथून घराघरांत न्यायची, असं आमचं काम. रोह्याकडची कामं वाढली, रोज पेणहून येणं जमेना, म्हणून नदीपलीकडे अष्टमीत ही खोली घेतली. काका धाटावच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. मोजमापाच्या यंत्रांच्या खात्यात त्यांचा जन्म गेला होता. खाली ते आणि काकू, वर मी आणि आणखी दोन बिऱ्हाडं.

बिल्डिंग त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली. तिच्यातल्या प्रत्येक वायरला, नळाला, बटणाला एकेक चिठ्ठी होती, प्लास्टिकमध्ये घालून दोऱ्यानं बांधलेली. आमच्या धंद्यातही चिठ्ठ्या असतात, पण त्यांवर आकडे असतात. काकांच्या चिठ्ठ्या बोलायच्या. 'मी बेलची वायर. मला ओढू नका, काकू दचकतात.' 'मी टाकीचा नळ. मला अर्धाच फिरवा.' जिन्याच्या कोपऱ्यात भिंतीतून एक जाड पाइप तळापासून गच्चीपर्यंत गेला होता आणि त्याची दोन्ही तोंडं बुचांनी बंद केलेली. त्यावर लिहिलं होतं, 'मी रिकामा आहे. माझ्यातून काय जाणार मला माहीत नाही.'

"हा कशासाठी?" मी विचारलं.

"म्हणजे काय? लिहिलंय की."

बांधकाम चाललं होतं तेव्हा गवंडी त्यांच्याशी भांडला होता म्हणे. रिकामा पाइप कशाला घालायचा? काका म्हणाले, पुढं काय निघेल कोणाला ठाऊक, तेव्हा कोणीतरी येऊन भिंत फोडणार, त्यापेक्षा आत्ताच वाट ठेवू. त्यानंतर बरीच वर्षं ते त्या पाइपात काय जाईल याची वाट बघत होते. मी फायबरचं काम करते म्हटल्यावर त्यांनी माझं सामानसुद्धा वर नेऊ दिलं नाही. आधी बुचं काढली.

आमची केबल त्या पाइपातून सळसळत वर गेली तेव्हा काका गच्चीवर पाइपाच्या तोंडाशी बसले होते. टोक बाहेर आलं तसं त्यांनी ते दोन बोटांत हलकंच धरलं. पाहुण्याचा हात धरावा तसं.

"आता यातून उजेड जातो?"

"हो."

"दाखव."

आमच्याकडे पेनासारखी एक बॅटरी असते. तिचा लाल उजेड काचेच्या तारेच्या एका टोकातून सोडला की दुसऱ्या टोकाला दिसतो, आणि वाटेत तार मोडली असेल तर तिथेच लाल ठिपका फुटतो. मी डोळ्यांत घालू नका म्हणून बजावलं, तारेचं एक टोक खाली काकांच्या घरात दिलं आणि गच्चीवरून पेन लावलं. काकांनी भर दुपारी घराची सगळी दारं-खिडक्या लावून घेतली आणि केसापेक्षा बारीक तारेचं टोक तळहातासमोर धरलं. तळहातावर लाल टिकली उमटली. त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, बघितलं, "छान हाय," म्हणाल्या आणि कुकर लागलाय म्हणून परत गेल्या.

"रोज हाच लाल उजेड जातो?"

"नाही, हा फक्त तपासायला. खरा उजेड डोळ्यांना दिसत नाही."

काका खुर्चीवर बसले. "दिसत नाय? मग त्याला उजेड का म्हणायचं?"

मी ऑफिसात मोठ्या इंजिनियर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तसंच म्हणतात. मी काकांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "त्यांना विचार, कोण म्हणतात?"

दोन तारा जोडताना आम्ही त्यांची टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवतो, ठिणगी पडते आणि काच वितळून एकजीव होते. हे बघायला ते माझ्या कामांवर यायला लागले. रोह्यात कुठेही काम असलं की थोड्या वेळानं त्यांची जुनी स्कूटर येऊन उभी राहायची. मला आधी संकोच वाटायचा. लोक विचारायचे, हे तुमचे कोण? मी म्हणायचे, घरमालक. लोक बुचकळ्यात पडायचे. काका मात्र तोवर त्या घरच्या आजोबांना त्यांच्या विहिरीबद्दल विचारत असायचे.

"जोडल्यावर तारेला कळतं का, आपण कुठं जोडलेलो हाय ते?" हा त्यांचा एक प्रश्न.

"कळतं. जोडाच्या जागी उजेड थोडासा कमी होतो."

हे उत्तर त्यांना फार आवडलं. 'मग पुढं?' विचारायचंही ते विसरले.

काकू एकदा अंगणात बिरडं सोलत बसल्या होत्या. मोड आलेल्या वालांची सालं काढत मीही शेजारी बसले. काका समोर गॅसवाल्याला अडवून सिलिंडरचा रंग कोण ठरवतं ते विचारत होते.

"यांना प्रश्न पडतात आणि मला कामं पडतात," काकू म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पहिल्यापासून असे नव्हते गो. कंपनीत एका फिटरनं यांना विचारलं, पाइपाची लाइन खोलू का? हे घाईत होते. खोल, म्हणाले. लाइन रिकामी झालीय का, काय नाय विचारलं. त्या पोराचा हात भाजला. बरा झाला, नोकरीवर पण राहिला. पण तेव्हापासून हे असे."

संध्याकाळी मी काकांना आडून विचारलं. ते खो खो हसले. "तिला गोष्टी जुळवायची सवय हाय. मी शाळेत मास्तरांनापण असाच छळायचो. माझ्यामुळं एक मास्तर बदली मागून गेले." मग हसणं थांबलं. "हात मात्र भाजला होता. ते खरं हाय."

यातलं कोणाचं खरं मानायचं ते मी आजवर ठरवलेलं नाही.

आता पेणच्या हॉस्पिटलचं सांगते. एका नव्या खासगी हॉस्पिटलचं आतलं सगळं फायबरचं काम मला मिळालं होतं. एकटीनं सांभाळायचं असं ते माझं पहिलंच मोठं काम. ते नीट झालं तर कंपनी मला कायम करणार होती. तळमजल्यावर एक्स-रे काढायचा आणि त्याचा फोटो तारेतून वर डॉक्टरांच्या टेबलावर दिसायचा, अशी सोय होती. सगळं झकास चाललं. आणि मग दुपारची लाइन जायला लागली. थोडा वेळ जायची आणि आपोआप यायची. एका दुपारी अपघातातला माणूस आणला आणि त्याचा फोटो वर जाईना. डॉक्टर स्वतः जिने उतरून खाली धावत आले. मॅनेजर माझ्यावर भडकले, आणि ते बरोबरच होतं.

मी पेट्या बदलल्या. जोड पुन्हा केले. जिन्याखाली विजेच्या मीटरची एक छोटी खोली होती, तिथून केबल वर चढायची. त्या खोलीत मी सबंध दुपार बसून काढली. त्या दिवशी लाइन गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी आमचा आणखी एक माणूस बसवला. नाही गेली. आम्ही उठून गेलो की दुसऱ्याच दुपारी गेली. मला रडू यायचंच बाकी होतं.

काकांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्ही बघत असलात की जात नाय?"

"असं कसं असेल काका? योगायोग."

"मी येतो. मला त्यातलं काय कळणार नाय. पण मला बसता येतं."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं माझ्याबरोबर पेणला आले. हातात काकूंनी दिलेला डबा, डोक्याला टोपी. मीटरच्या खोलीत प्लास्टिकचं स्टूल टाकून बसले. मी वर डॉक्टरांच्या खोलीत उजेड मोजायचं मीटर लावून. दुपार झाली आणि माझ्या मीटरवरचा आकडा धाडकन पडला. मी काकांना फोन लावला.

"काका, गेली!"

"थांब." पलीकडे काहीतरी खुडबुडलं. "आता?"

"आली!"

"आता?"

"गेली! काय करताय तुम्ही?"

"आता?"

"आली, काका! तिथेच थांबा!"

मी धावत खाली आले. खोलीत काका एकटेच होते. भाकरीचा शेवटचा तुकडा हातात होता. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पेटीखाली आम्ही जास्तीच्या केबलचं वेटोळं बांधून ठेवलं होतं, नेहमी ठेवतो तसं. "यावर पिशवी टांगली की वेटोळं खाली ओढलं जातं आणि पेटीच्या तोंडाशी तार दुमडते. काढली की सरळ. काच हाय ना ती, वाकवली की उजेड बाहेर सांडत असेल. असंच का?"

"असंच," मी म्हटलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच जमिनीवर बसले. मग सुचलं, "पण पिशवी कोणाची?"

काकांनी भाकरी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

"तुम्ही कंपनीवाले बसलात की तो माणूस आत येत नव्हता," ते म्हणाले. "मी डबा घेऊन बसलेला म्हातारा. कोणा पेशंटचा नातेवाईक वाटलो असेन."

"पण कोण?"

"ते नाय सांगणार."

मी वेटोळं उचलून वर छताजवळ पक्कं बांधलं. प्रश्न सुटला होता, असं मला वाटलं. मॅनेजरना तसं वाटलं नाही. आठवडाभर डॉक्टरांची बोलणी त्यांनी खाल्ली होती, त्यांना कोणीतरी हवं होतं.

"कोणी टांगली?" त्यांनी काकांना विचारलं.

"पिशवीवर नाव नव्हतं."

"माणसाला असेल ना?"

"मी विचारलं नाय," काका म्हणाले. जन्मभर सगळ्यांना सगळं विचारणारा माणूस हे बोलत होता.

मॅनेजर माझ्याकडे वळले. "आमच्या माणसाचं नाव मिळालं तर मी त्याला बघतो. नाव नसेल तर चूक तुमच्या कामाची, असं मी तुमच्या ऑफिसला कळवतो. आणि मीटरच्या खोलीत बाहेरची माणसं आणून बसवता, हेही कळवतो."

परतीच्या एसटीत मी काकांना पुन्हा विचारलं. मग विनवलं. मग चिडले.

"माझी नोकरी जाईल, काका."

"तुझी गेली तर तू दुसरी मिळवशील. तू शिकलेली हायस, पोरवयाची हायस. त्या माणसाची गेली तर दुसरी नाय मिळणार. मी दोन्हीचा विचार केला."

"माझ्या नोकरीचा विचार तुम्ही केलात? तुम्ही ठरवलंत?"

"व्हय." ते खिडकीबाहेर बघत होते. "चुकलं असेल. पण ठरवलं."

रोह्याला उतरल्यावर मी त्यांच्याबरोबर पूल चालत गेले नाही. रिक्षा केली. नंतर कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जिन्यात दिसले तर मान खाली घालून जायचे. तेही काही विचारत नव्हते. दूधवाल्यालाही नाही. बिल्डिंग अशी गप्प झाली की वरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी, काका आजारी आहेत का म्हणून चौकशी केली. काकू एकदा वाटीभर बिरडं घेऊन वर आल्या. "इतकी वर्षं मीच म्हणायचे, जरा गप्प बसा," त्या म्हणाल्या. "आता बसलेत, तर घर खायला उठतंय."

आणि मग हॉस्पिटलमधून फोन आला, ताबडतोब या.

मॅनेजरांच्या केबिनमध्ये एक बाई उभी होती. साफसफाई करणाऱ्या मावशी. खाडीकडच्या गावातल्या, माहेर मिठागरावर राबलेलं. निळा एप्रन, कमरेला खोचलेला पदर, हाताची घडी. मी त्यांना रोज जिन्यात बघत होते, त्यांनी रोज माझ्या पायाखालची फरशी पुसली होती.

"मीच ती," त्या मला म्हणाल्या. "पिशवी माझी. जमिनीवर ठेवली का डब्याला मुंग्या येतान. वर ती काळी दोरी दिसली, तिच्यावर टांगली. त्यात उजेड हाय का फोटो हाय, मना काय म्हाईत?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मॅनेजर म्हणाले.

"तुम्ही इचारलाव कुठं? तुम्ही नाव शोधत होताव." त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या. "तो म्हातारा मना बोलला, तुम्ही काय सांगू नका, मी बघतो. मी म्हटला बरा. पण वॉचमन सांगतो का त्या केबलवाल्या पोरीचा काम जाणार हाय. माझ्यापायी कशाला कोणाचा काम जावा? म्हून आलू. काय करायचा ता करा."

बाहेरून मोठ्या सिस्टर आत आल्या. मावशींना काढणार असाल तर वॉर्ड उद्यापासून तुम्हीच पुसा, एवढंच मॅनेजरना म्हणाल्या आणि गेल्या. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्यांनी मावशींना काढलं नाही. माझं कामही राहिलं, आणि पुढं मी कायमही झाले. फक्त मीटरच्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं.

संध्याकाळी मी काकांचं दार वाजवलं. सगळं सांगितलं. मावशींचं बोलणं तर त्यांच्याच भाषेत, जमेल तसं सांगितलं. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उमलत होता. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो? ते म्हणाले, "मला त्यांच्यापाशीच आधी विचारायला हवं होतं. सांगू का नको ते. मी माझंच ठरवून मोकळा झालो. तुझंपण आणि त्यांचंपण."

मग म्हणाले, "त्या खोलीला कुलूप घातलं ना? आता त्या जेवतात कुठं?"

हे मी विचारलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी हॉस्पिटलच्या नंबरावर फोन लावला. "नमस्कार. मावशी आज कुठं जेवल्या?" फोनवरच्या मुलीला वाटलं, राँग नंबर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती आवाज ओळखायला लागली. मग तीच बघून यायची आणि सांगायची. "आज जिन्यात." "आज मागे, पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मध्ये." "आज पाऊस होता ना, उभ्यानंच." काका "बरं" म्हणून फोन ठेवायचे. ना तक्रार, ना अर्ज. दुसऱ्या दुपारी पुन्हा फोन.

एकदा मॅनेजरनी फोन हातात घेतला. मी तेव्हा काकांच्या घरात होते, फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"तुम्ही त्यांचे कोण?" मॅनेजर विचारत होते.

"कोणी नाय," काका म्हणाले. "एकदा एकत्र जेवलोय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या आठवड्यात की पुढच्या, मला नक्की आठवत नाही, मी पेणला गेले तर पहिल्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीत एक टेबल आणि बाक ठेवलेलं दिसलं. भिंतीत फळी ठोकली होती, डबे ठेवायला. मावशी आणि आणखी दोघीजणी जेवत होत्या. मॅनेजर कंटाळून नमले की त्यांना लाज वाटली, ते मी काही विचारलं नाही. मावशींनी मला लांबूनच हात केला. "म्हाताऱ्याला सांग गो, आता फोन नको करू म्हणावा. ती पोर माझ्या डब्यात काय हाय ता पण सांगाया लागलीय त्याला."

मी घरी आल्या आल्या काकांना सांगितलं. गॅलरी, टेबल, बाक, फळी. ते डोळे मिटून ऐकत होते, जणू तिथे जाऊन बसून बघत होते.

"तिथं वारा येतो का?" त्यांनी विचारलं.

मला सांगता आलं नाही. मी उभी राहून बघितलं होतं आणि निघून आले होते.

म्हणून पुढच्या खेपेला मी मुद्दाम दुपारी गेले. माझा डबा घेऊन मावशींच्या शेजारी बाकावर बसले. त्यांनी सरकून जागा दिली आणि सुकटीची चटणी माझ्या पोळीवर वाढली. खाली भोगावती नदीच्या बाजूची झाडं दिसत होती. मी जेवण होईपर्यंत तिथे बसले, आणि मग तिथूनच काकांना फोन केला.

"येतो, काका," मी म्हटलं. "फार नाही, पण येतो."